बटवड्याचा क्रम

भाचीनं यादी पाठवली: सोळा ठिकाणं, एक दिवस.
वाचताना आमचा इंगोले पोस्टमन आठवला.
नवा होता तेव्हा हातात येईल ते पत्र आधी वाटायचा,
एकाच गल्लीत तीनदा जायचा
आणि चारला परत यायचा, निम्मी थैली तशीच घेऊन.
बीट आधी लाव, मग सायकल काढ,
असं त्याला सांगणारी मीच होते.

म्हणून ओट्यावर सोळा चिठ्ठ्या मांडल्या,
प्रत्येकीवर पिन कोड घातला.
मुंबई एक, मुंबई पाच, मुंबई सहा, मुंबई दहा.
एकतीस वर्षं हे आकडे शिक्क्याखालून गेले.
मला वाटायचं, प्रार्थनेच्या ओळीतल्या मुलांसारखे
तेही ओळीनंच उभे असतील.
नकाशात पाहिलं तर
सव्वीस सहाला चिकटून बसलेला,
एकवीस पाचाच्या कुशीत.

घारापुरी सोमवारी बंद, आणि मला सोमवारच मिळतोय:
मंगळवारी संध्याकाळी आमच्या नळाला पाणी येतं,
नंतर थेट सहा दिवसांनी,
आणि घरात भरायला दुसरं कुणी नाही.
घारापुरी खोडली.
हाजीअलीला दुपारी भरती. खोडलं.
तलावाकाठच्या पायऱ्या, ज्या वरच्या आहेत
तितक्याच उतरायच्याही आहेत,
गुडघ्याला विचारून खोडल्या.

दोन ठिकाणांच्या मधे फोन लिहितो पंचवीस मिनिटं.
मी पन्नास लिहिते:
दहा बसची वाट पाहण्यात,
दहा समोरच्या, म्हणजे उलट्या दिशेच्या, थांब्यावर,
आणि पाच
कुणाला विचारू, कुणाला नको, यात.
सुटे पैसे उजव्या खिशात, रात्री साडेआठचं एसटीचं तिकीट डाव्या.
स्वच्छतागृह कुठे कुठे आहे, ते लाल शाईनं.

उरली तीन.
संग्रहालय: एकच मजला, दीड तास, बाकी पुन्हा कधी.
जीपीओ: वर घुमट, खाली माझ्यासारख्याच बायका,
एकीनं मान वर न करता म्हटलं, "पुढच्या खिडकीवर."
इतकं घरच्यासारखं दिवसभरात कुणी बोललं नाही.

तिसरं ठिकाण भाचीच्या यादीत नव्हतं.
दारूखाना, मुंबई दहा.
तिथून भिकू लाडे दर महिन्याला मनीऑर्डर करायचा,
सोनाबाई अंगठा द्यायची,
आणि खालच्या कुपनावरचा मजकूर मी वाचून दाखवायची.
"बरा आहे." दर महिन्याला एवढंच.
एकदाच निराळं होतं:
"इथं समुद्र आहे. मोठा आहे."
सोनाबाईनं विचारलं, मोठा म्हंजे केवढा?
मी काउंटरच्या आतून म्हटलं, खूप.
मीही कुठे पाहिला होता?

बसमध्ये कंडक्टरनं दोनदा विचारलं, दारूखानाच ना?
उतरले. दोन्हीकडे लोखंड.
माणसाच्या छातीएवढे नांगर, साखळदंडांचे ढीग,
कुठल्याशा जहाजाच्या गोल खिडक्या भिंतीला टेकलेल्या,
त्यांतून भिंतच दिसत होती.
एका पोरानं विचारलं, काय पाहिजे मावशी?
म्हटलं, काही नको, बघायला आले.
त्यानं आजूबाजूला पाहिलं. हे?

मग काय वाटलं त्याला कुणास ठाऊक,
पत्र्याच्या दोन वखारींमधल्या फटीकडे बोट केलं.
चिखल, एक उलटी होडी,
आणि मागे पाणी, वीतभर.
मी खरंच वीत उघडून धरली, डोळ्यासमोर.
वीतच भरली.

वहीत लिहिलं: तीन चाळीस ते चार पाच. वेळेत.
भिकूनं मोठा पाहिला तो कुठून, कुठल्या धक्क्यावरून,
सुट्टीच्या दिवशी की काम करता करता,
ते पुढच्या खेपेला.
त्यापुढे कंसात: सोमवार सोडून.